नकाराला जागा ठेवणारी थेरपी: बेळगाव सीमाभागातील वर्तन विश्लेषकांसाठी व्यावसायिक नीतीचे मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांसाठी एबीए, म्हणजे उपयोजित वर्तन विश्लेषण (वर्तन का घडते ते पाहून नवी कौशल्ये शिकवण्याची पद्धत), करणाऱ्या किंवा ते शिकू पाहणाऱ्या मराठी थेरपिस्टसाठी हा लेख लिहिला आहे. पालकांनीही तो वाचावा, कारण यातले बहुतेक प्रश्न त्यांनीच सेंटरमध्ये विचारायला हवेत.

आपल्याकडे पालकांचा होकार फार सहज मिळतो. खानापूरच्या खेड्यातून एसटी बदलत आलेली आई ‘मॅडम, तुम्ही म्हणाल तसं’ म्हणते आणि समोरच्या कागदावर न वाचता सही करते. मूल तर अनेकदा बोलतच नसते. अशा ठिकाणी सही मिळाली म्हणून काम नैतिक झाले, असे मानणे मला धोक्याचे वाटते. या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना ‘नाही’ म्हणता येते का, आणि म्हटले तर पुढे नेमके काय होते, ही खरी कसोटी आहे. पुढच्या सर्व पायऱ्या याच कसोटीवर लावल्या आहेत.

पायरी 1: आपण कोण आहोत, हे आधी सांगा

वर्तन विश्लेषकांसाठी सर्वाधिक वापरली जाणारी आचारसंहिता अमेरिकेतील बिहेवियर अ‍ॅनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्ड या 1998 मध्ये स्थापन झालेल्या मंडळाची आहे, आणि तिची सध्याची आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. इतरांचे हित साधणे, करुणेने, सन्मानाने व आदराने वागणे, सचोटी राखणे आणि आपली क्षमता टिकवणे ही तिची चार मूलतत्त्वे आहेत. मात्र 1 जानेवारी 2023 पासून या मंडळाने नवे अर्जदार मोजक्या देशांतील रहिवाशांपुरते मर्यादित केले, आणि त्या यादीत भारत नाही. भारतीय पुनर्वसन परिषद 1992 च्या कायद्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, विशेष शिक्षक, वाचा व श्रवणतज्ज्ञ अशा व्यावसायिकांची नोंदणी करते, पण तिच्या नोंदवहीत वर्तन विश्लेषक असा स्वतंत्र वर्ग नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, बेळगावात एखाद्याने एबीए थेरपिस्ट अशी पाटी लावली तर ती पाटी त्याच्या शिक्षणाबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच सांगत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत आपली पदवी, परिषदेचा नोंदणी क्रमांक असल्यास तो, किती काळ कोणाच्या देखरेखीखाली काम केले ते, आणि आज आपल्या कामावर कोण देखरेख ठेवते ते, एका पानावर मराठीत लिहून पालकांच्या हाती द्यावे. चाळीस तासांचा ऑनलाइन कोर्स केला असेल तर तसेच लिहावे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लाज तो कोर्स पदवीसारखा भिंतीवर टांगण्यात आहे. स्वतःला जखमा करणारे, गिळताना ठसका लागणारे किंवा झटके येणारे मूल आले आणि आपल्याला त्याचा अनुभव नसेल, तर त्याच दिवशी त्याला जिल्हा रुग्णालयाकडे किंवा योग्य तज्ज्ञाकडे पाठवावे.

पायरी 2: मुलाची भाषा ठरवा, मगच मूल्यमापन करा

सीमाभागात ही पायरी सर्वांत जास्त चुकते. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी, आणि खानापूरच्या काही गावांत आजीची कोकणी, अशा घरातले मूल सेंटरमध्ये येते तेव्हा त्याच्यासमोर इंग्रजी चित्रपत्ते मांडले जातात. जे मूल घरी ‘पाणी’ म्हणून पेला पुढे करते, त्याच्या नावापुढे ‘वॉटर’ न म्हटल्याबद्दल शून्य पडते. त्या शून्यावर सहा महिन्यांचा कार्यक्रम उभा राहतो आणि त्याची फी आईबाप भरतात.

मूल्यमापनापूर्वी दिवसभरात मुलाशी कोण कोणत्या भाषेत बोलते, याची नोंद घरच्यांकडून करून घ्यावी. भारतात ऑटिझमच्या प्रमाणपत्रासाठी इसा (इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम) हे 40 प्रश्नांचे मापन वापरले जाते. त्याचे प्रश्नही पालकांच्या भाषेत, उदाहरणे देऊनच विचारावेत, कारण ‘डोळ्याला डोळा भिडवत नाही’ या वाक्याचा अर्थ मोठ्यांसमोर मान खाली घालायला शिकवणाऱ्या घरात वेगळा लागतो. पालक कन्नड किंवा दखनी उर्दू बोलणारे असतील आणि आपल्याला ती भाषा पुरेशी येत नसेल, तर दुभाषा प्रौढ आणि गुप्तता पाळणारा असावा. मुलाची दहा वर्षांची बहीण किंवा रिक्षावाले काका यांना त्या कामाला लावू नये. भावाच्या शौचाच्या सवयी सांगण्याची जबाबदारी त्या मुलीची नाही.

‘घरी आता फक्त इंग्रजीच बोला’ हा सल्ला तर बंदच करावा. दोन भाषांच्या घरात वाढल्यामुळे स्वमग्न मुलाचे बोलणे आणखी मागे पडते, असे संशोधनात आढळलेले नाही. उलट या सल्ल्यामुळे ज्या आजीला इंग्रजी येत नाही, ती नातवाशी बोलणेच सोडून देते. मागणे, नाकारणे, दुखते आहे हे सांगणे ही पहिली कौशल्ये मुलाला भरवणाऱ्या आणि झोपवणाऱ्या माणसाच्या भाषेत शिकवावीत. शाळेची भाषा नंतर जोडता येते.

पायरी 3: संमती घ्या, पण ती मोडण्याची वाटही दाखवा

संमतिपत्र मराठीत आणि, गरज असेल तर, कन्नडमध्ये असावे. ते मोठ्याने वाचून दाखवावे. त्यात आपण काय करणार, काय कधीही करणार नाही, कोणता त्रास होऊ शकतो, दुसरे कोणते पर्याय उपलब्ध आहेत, फी किती आणि मध्येच थांबल्यास आगाऊ भरलेली रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हे स्पष्ट लिहिलेले असावे. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण वर्षाची फी आधीच भरून बसलेल्या बापाला नकाराचे स्वातंत्र्य कागदावरच उरते. म्हणून मी एका महिन्यापलीकडे आगाऊ फी घेण्याच्या विरुद्ध आहे.

वाचून झाल्यावर ‘समजलं का?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ येते. ‘घरी गेल्यावर आजोबांना हे कसं सांगाल?’ असे विचारावे. आई जे सांगते त्यातून तिला काय कळले आणि काय निसटले ते लगेच दिसते. शिवाय निर्णय खरोखर कोणाचा, हेही कळते. मूल घेऊन येते आई, फोनवरून होकार देतो सैन्यात किंवा पुण्याला नोकरीला असलेला बाप, आणि शेवटचा शब्द असतो आजोबांचा. कायद्याने संमती पालकांचीच लागते, पण आजोबांना बाहेर ठेवून आखलेला कार्यक्रम घरी चार दिवसही टिकत नाही. त्यांना एकदा सत्र पाहायला बोलवावे.

व्हिडिओ चित्रणाची संमती वेगळ्या कागदावर घ्यावी. उपचारासाठी चित्रण, शिकाऊ थेरपिस्टना दाखवण्यासाठी चित्रण आणि जाहिरातीसाठी चित्रण यांना तीन वेगळ्या सह्या असाव्यात, आणि तिसरी नाकारली म्हणून सेवेत काहीही कमी होणार नाही, हे तिथेच लिहावे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही बालकाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती ही अट आहे.

आता मुलाच्या संमतीकडे वळू. मूल सही करत नाही, पण होकार आणि नकार ते शरीराने देतच असते. फाईलच्या पहिल्याच पानावर त्या विशिष्ट मुलाच्या नकाराच्या खुणा आईला विचारून लिहाव्यात: मान फिरवणे, हात ढकलणे, दाराकडे जाणे, बोटे तोंडात घालणे, अंग ताठ करणे. एकदा खूण दिसली की मागणी सोपी करावी, दुसऱ्यांदा दिसली की थांबावे, आणि थांबल्याची नोंद करावी. दार आतून कडी लावून बंद करू नये, आणि आईला केव्हाही आत येऊन पाहता यावे. जिथे पालकांना सत्र पाहू देत नाहीत अशा सेंटरमध्ये मूल घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही नकार मात्र पूर्ण मानता येत नाहीत. औषध घ्यावेच लागते, काकतीजवळच्या महामार्गावर हात सोडून पळता येत नाही. अशा वेळी सक्तीची गरज पालकांशी बोलून लेखी ठरवावी, कृतीचे बारीक तुकडे करावेत आणि ती सक्ती कधी संपणार याची योजनाही त्याच कागदावर असावी.

मूल अठरा वर्षांचे झाले की आईबाप आपोआप पालक राहत नाहीत, हे अनेक घरांना माहीत नसते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते, आणि त्या समितीत जिल्हाधिकारी असतात. मुलगा सतरा वर्षांचा होताच हा विषय काढावा. प्रौढ व्यक्तीला समजेल अशा चित्रांच्या किंवा सोप्या शब्दांच्या मदतीने तिची स्वतःची संमती घेण्याचा प्रयत्न पालक नेमल्यानंतरही चालू ठेवावा.

पायरी 4: ध्येय कोणाच्या सोयीचे आहे, ते विचारा

डोनाल्ड बेअर, माँट्रोस वुल्फ आणि टॉड रिस्ले या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये या शास्त्राची लक्षणे मांडली तेव्हा बदलायचे वर्तन व्यक्तीसाठी आणि समाजासाठी महत्त्वाचे असले पाहिजे, हे त्यात होतेच. पुढे 1978 मध्ये वुल्फ यांनी ध्येय, पद्धत आणि परिणाम ही तिन्ही संबंधितांना मान्य आहेत का, हे विचारण्याचा आग्रह धरला.

उदाहरण घ्या. घरच्यांची मागणी असते की मुलाने गणपतीच्या आरतीला शेवटपर्यंत हात जोडून उभे राहावे, कारण पाहुणे येतात. मुलाला टाळ आणि घंटेचा आवाज सहन होत नाही. इथे उभे राहायला शिकवणे सहज शक्य असते आणि म्हणूनच मोह होतो. पण मुलाला कानावर हेडफोन ठेवून शेवटच्या दोन मिनिटांना येण्याची, आणि नको झाल्यास ठरलेली खूण करून आत जाण्याची मुभा शिकवली, तर घरचा सण आणि मुलाचे कान दोन्ही सांभाळले जातात. बेळगावच्या विसर्जन मिरवणुकीला त्याला नेण्याचा हट्ट असेल, तर तो हट्ट कोणासाठी आहे, हे आईबापांना शांतपणे विचारावे. हात हलवणे, गोल फिरणे, एकच शब्द गुणगुणणे यांनी कोणाला इजा होत नसेल तर ती ध्येयांच्या यादीत येऊच नयेत. शौच, जेवण, दुखणे सांगणे, रस्ता ओळखणे, नाही म्हणणे, आवडीचा वेळ घालवणे ही यादी तशीही लांब आहे.

पायरी 5: वर्तन का घडते ते शोधा, आणि शरीर आधी तपासा

मूल अचानक कानावर मारू लागले तर पहिली पावती डॉक्टरांची हवी. कान फुटणे, दाताची कीड, बद्धकोष्ठता, झोप न होणे ही कारणे तपासल्याशिवाय वर्तनाचा कार्यक्रम सुरू करणे ही केवळ घाई नसून हलगर्जी आहे. त्यानंतर आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय झाले, अशी तीन रकान्यांची नोंद घरी आणि सेंटरमध्ये ठेवावी. लक्ष, हवी असलेली वस्तू, नकोशा गोष्टीतून सुटका आणि शरीराला मिळणारी संवेदना या चार कारणांपैकी कोणते लागू होते, ते त्यातून दिसू लागते.

एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड या संशोधकांनी 1985 मध्ये दाखवले की, ज्या कारणासाठी मूल मारते किंवा ओरडते, तेच मिळवण्याचा बोलका मार्ग शिकवला तर ते वर्तन कमी होते. सुटकेसाठी चावणाऱ्या मुलाला ‘थांबा’ असे चित्र देता येणे हे म्हणूनच उपचाराचे पहिले काम ठरते. ते चित्र दिल्यावर खरोखर थांबले पाहिजे, हे वेगळे सांगायला नको, पण सांगतो, कारण भरगच्च वेळापत्रकात तेच आधी विसरले जाते.

‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला देतानाही घर पाहावे. दुर्लक्षामुळे वर्तन कमी होण्यापूर्वी काही काळ वाढू शकते. वडगाव-खासबागेत जिथे राहत्या घरातच माग चालतो आणि भिंतीपलीकडे शेजारी असतात, तिथे अर्धा तास किंचाळणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष करणे आईला जमत नाही. ती विसाव्या मिनिटाला धावते, आणि मुलाला कळते की वीस मिनिटे ओरडावे लागते. घराला न पेलणारी योजना देऊन पुन्हा आईलाच दोष देणे, हा आमच्या व्यवसायातला रुळलेला अन्याय आहे.

पायरी 6: भूक, मार आणि कोंडणे यांना दार बंद ठेवा

खाऊ हे बक्षीस म्हणून चालते, पण मुलाला उपाशी आणून मग खाऊसाठी काम करायला लावणे चालत नाही. डबा, पाणी, शौचालय, आईची कूस आणि त्याचे बोलण्याचे साधन या गोष्टी बक्षीस म्हणून कधीही राखून ठेवू नयेत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या कलम 92 नुसार, ताब्यात असलेल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारणे हा सहा महिने ते पाच वर्षे कैदेचा गुन्हा आहे. चारचौघांत अपमान करणे आणि अपमान करण्याच्या हेतूने बळ वापरणे हेही त्याच कलमात येते.

या शास्त्राचा इतिहास इथे झाकून ठेवू नये. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडातील सनलँड मायामी या संस्थेत वर्तन सुधारण्याच्या नावाखाली झालेला छळ उघड झाला, आणि या क्षेत्रात नियम हवेत ही जाणीव तिथून बळावली. मॅसॅच्युसेट्समधील एका संस्थेत रहिवाशांना विजेचे झटके देण्याची पद्धत मात्र पुढेही चालू राहिली. वर्तन विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तिला ठाम विरोध करणारी भूमिका 2022 मध्ये घेतली. एखादे पालक ‘आम्ही घरी मारतोच, तुम्हीही दोन द्या’ असे म्हणाले, तर पालकांचीच संमती आहे, हे कारण होऊ शकत नाही. ही मुभा देण्याचा अधिकार त्यांनाही नाही.

पायरी 7: आलेख खरा ठेवा, जाहिरात त्याहून खरी

दर आठवड्याला आलेख पालकांना दाखवावा आणि तो वाचायला शिकवावा. प्रगती थांबली असेल तर योजना बदलावी किंवा थांबावी. ‘ऑटिझम बरा होतो’ असे फलकावर, रिक्षाच्या मागे किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर कधीही लिहू नये. चालू उपचारातल्या पालकांकडून जाहिरातीसाठी अभिप्राय मागू नये, कारण ज्याच्या हाती आपले मूल आहे त्याला कोण नकार देणार? मुले पाठवणाऱ्या डॉक्टरला किंवा शाळेला ‘कट’ देण्याबद्दल आचारसंहिता निदान तो व्यवहार पालकांना उघड सांगायला लावते. मला विचाराल तर तो घेऊही नये आणि देऊही नये.

पायरी 8: गावातल्या नात्यांची मर्यादा आधीच आखा

अमेरिकी संहिता दहा डॉलर, किंवा स्थानिक क्रयशक्तीनुसार तेवढ्या किमतीपर्यंतच्या भेटीला मुभा देते आणि दुहेरी नाती टाळायला सांगते. बेळगावसारख्या ठिकाणी टिळकवाडीत सेंटर आणि शहापुरात घर असले की निम्मे पालक कोणत्या ना कोणत्या नात्याने ओळखीचे निघतात, त्यामुळे दुहेरी नाती शून्यावर आणणे शक्य नाही. ती लिहून ठेवणे, देखरेख करणाऱ्याला सांगणे आणि वाढू न देणे शक्य आहे. संक्रांतीचा तिळगूळ, गोकाकचे करदंट किंवा घरच्या कार्यातला पाव किलो कुंदा घ्यावा आणि सेंटरमध्ये सर्वांना वाटावा. तो परत करणे हा अपमान होतो आणि त्याची किंमत मूल मोजते. साडी, पैठणी, सोने, रोख पाकीट घेऊ नये. पालकाच्या इमारतीत भाड्याने सेंटर घेणे, त्याच्या पतसंस्थेतून कर्ज काढणे, त्याच्याकडे भिशी लावणे हे प्रकार त्याहून धोक्याचे आहेत, कारण त्यानंतर थेरपी थांबवावी असे सांगण्याची वेळ आली तर आपलीच जीभ अडते. हा नियम पहिल्या भेटीच्या कागदावरच छापावा, म्हणजे प्रत्येक दिवाळीला अवघडून बोलावे लागत नाही.

पायरी 9: गुप्तता पाळा, आणि ती कुठे संपते ते जाणा

मुलाच्या निदानाचा बोभाटा झाला तर बहिणीच्या स्थळावर परिणाम होईल, ही भीती इथल्या घरांत खरी आहे. तिला अडाणीपणा म्हणून झटकण्याचा अधिकार आपल्याला नाही. पालकांच्या सामाईक व्हॉट्सअ‍ॅप गटात कोणत्याही मुलाचे नाव, छायाचित्र किंवा प्रगती टाकू नये, प्रतीक्षाकक्षात अहवाल वाचून दाखवू नये, आणि बाजारात पालक भेटले तर त्यांनी ओळख दाखवल्याशिवाय आपणही दाखवू नये.

लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास मात्र गुप्तता संपते. 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. ही मर्यादा संमतिपत्रातच सांगितलेली असावी. मदतीसाठी 1098 हा बालकांसाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांक सेंटरच्या भिंतीवर मराठी आणि कन्नडमध्ये लावावा.

पायरी 10: शेवटाची आणि तक्रारीची तयारी सुरुवातीलाच करा

थेरपिस्टची बदली होते, लग्न होऊन ती कोल्हापूरला जाते, कुटुंब चंदगडहून येणे सोडते. कोणत्या कौशल्यांनंतर थेरपी संपवायची हे सुरुवातीलाच लिहावे, आणि निरोपाच्या वेळी मूल्यमापन, आलेख, चालू योजना आणि नकाराच्या खुणांचे ते पान यांची प्रत पालकांना द्यावी. थकलेल्या फीसाठी अहवाल अडवून ठेवू नये. सीमेपलीकडे जाणाऱ्या कुटुंबाला हेही सांगावे की, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देशभर वैध असते, त्यामुळे कर्नाटकात मिळालेले प्रमाणपत्र महाराष्ट्रात पुन्हा काढावे लागत नाही.

सहकाऱ्याचे वागणे खटकले आणि मुलाला तातडीचा धोका नसेल, तर आधी त्याच्याशीच बोलावे व तारखेसह नोंद ठेवावी. धोका असेल तर बोलत बसू नये. पोलीस किंवा 1098 गाठावे. परिषदेकडे नोंदणी असलेल्या व्यक्तीची तक्रार भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, आणि दिव्यांग हक्कांच्या उल्लंघनाची तक्रार बंगळुरूतील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे करता येते. मराठीत लिहिलेल्या तक्रारीसोबत कन्नड किंवा इंग्रजी अनुवाद जोडला तर ती लवकर पुढे सरकते, आणि तो अनुवाद करून देणे हे त्या पालकांचे काम आहे असे म्हणून थेरपिस्टने हात झटकू नयेत.